वायनरीच्या फाटकावर दिसलेला हिशेब

(जिल्हा बैठकीत एका शेतकरी जोडप्याने केलेले भाषण)



आज बैठकीपुढे कोणता ठराव आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या तालुक्यातल्या कापूसवाल्यांनी जी उत्पादक कंपनी काढली, तिने बँकेचे कर्ज घेऊन स्वतःचे जिनिंग-प्रेसिंग टाकायचे की नाही? यावर गावागावांत दोन तट पडले आहेत. तरुण पोरे म्हणतात, कच्चा माल विकणारा मेला, पक्का माल विकणारा तरला. म्हातारी माणसे म्हणतात, सहकारी जिनिंगचे सांगाडे अजून गंजत उभे आहेत, ते आधी बघून या. दोघांचेही खरे आहे. म्हणून तर भांडण मिटत नाही.

या ठरावावर बोलायला आम्हा दोघा नवराबायकोला सांगितले आहे, आणि आम्ही बोलणार आहोत द्राक्षाच्या वाईनबद्दल. हसा, खुशाल हसा. पण हसून झाले की एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याच राज्यात, आपल्या डोळ्यांदेखत, पंचवीस वर्षांच्या आत एका पिकाचा पक्का माल गावातल्या लहान लहान कारखान्यांत तयार व्हायला लागला. त्यात कोण तरले, कोण बुडाले, शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हे सगळे तिथल्या जमिनीवर बघायला मिळते. आपल्याला जे करायचे आहे ते त्यांनी करून पाहिले आहे. दुसऱ्याच्या ठेचेवर शहाणे होता येत असेल तर स्वतःचा अंगठा फोडून घेण्यात काय शहाणपण?

आमचे व्याही दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. गेल्या फेब्रुवारीत कापूस वेचून झाला होता, ज्वारी काढणीला आठ-दहा दिवस होते. तपोवन गाडीने नाशिकला गेलो आणि दुसरा अख्खा दिवस व्याह्यांच्या गाडीतून लहान वायनऱ्या बघत हिंडलो. मोठीच्या वाटेला मुद्दाम गेलो नाही. मोठ्याचे बघून लहानाला काही शिकता येत नाही.

आधी दार उघडले, मग कारखाने आले

नाशिकला द्राक्षे काही नवी नाहीत. तिथला शेतकरी पिढ्यान् पिढ्या द्राक्षे पिकवतो आहे. मग वाईन आत्ताच का आली? पाणी तेच, माती तीच, माणसे तीच. बदलला तो कायदा.

आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. त्याच्या चौकटीत शेतकऱ्याने आपल्या द्राक्षाची वाईन करून विकणे म्हणजे परवान्यांच्या जंगलात शिरणे होते. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले. उत्पादन शुल्क दहा वर्षांसाठी माफ केले, परवाने सोपे केले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला औद्योगिक महामंडळाने वाईन पार्क काढले. त्याच्या थोडे आधी राजीव सामंत नावाचा तरुण अमेरिकेतून परत आला होता. त्याने गंगापूर धरणाजवळच्या आपल्या घराण्याच्या जमिनीत वाईनची द्राक्षे लावली आणि २००० साली सुला कंपनीची पहिली वाईन बाजारात आणली. २००५ साली त्याच जागी लोकांनी येऊन चव घ्यावी म्हणून खोली उघडली. मुंबई-पुण्याची जोडपी मोटारी घेऊन येऊ लागली. ते बघून इतर पुढे सरसावले. काही वर्षांत नाशिक जिल्ह्यात लहानमोठ्या कितीतरी वायनऱ्या उभ्या राहिल्या.

आता आपल्या कापसाकडे बघा. एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. आपला कापूस सरकारी केंद्राशिवाय दुसरीकडे विकणे गुन्हा ठरला. राज्याची हद्द ओलांडली तर बैलगाडीसकट माल जप्त. पलीकडच्या राज्यात भाव चढा असला तरी आपण हद्दीवर उभे राहून तो नुसता बघायचा. २००२ साली मक्तेदारी सुटेपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, हे चालले. ज्या सुमारास द्राक्षवाल्याला सरकार म्हणत होते, ‘ये, कारखाना काढ, शुल्क माफ’, त्या सुमारास आपण नुसता कापूस विकायचे स्वातंत्र्य मिळवत होतो.

आयातीचेही तेच. विदेशी वाईनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के आयात शुल्क राहिले. २०२२ अखेर ऑस्ट्रेलियाशी करार लागू झाला तेव्हा कुठे तिथल्या महागड्या बाटल्यांवरचे शुल्क उतरायला लागले. आणि कापूस? कापसावर होते अकरा टक्के. तेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये माफ झाले आणि ही माफी वर्षअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे ऐन आपल्या वेचणीच्या हंगामात. आम्ही सरकारकडे दीडशे टक्क्यांचे कुंपण मागायला उभे नाही. संघटनेने कधी कुंपण मागितले नाही. आमचे म्हणणे एवढेच, की बाजार खुला करायचा तर सगळ्यांचा करा. पिणाऱ्याच्या बाटलीला कुंपण आणि पिकवणाऱ्याच्या बोंडाला उघडे रान, याला खुला बाजार म्हणत नाहीत.

पहिले फाटक

आता आम्ही काय बघितले ते सांगतो. दिंडोरीच्या बाजूला दोन भावांची वायनरी. आवार आपल्या जिनिंगच्या चौथ्या हिश्शाएवढेही नसेल. पत्र्याची शेड, आत स्टीलच्या आठ टाक्या, मागे स्वतःची पाच एकर बाग. शेजारच्या दहाबारा शेतकऱ्यांचीही द्राक्षे घेतात.

थोरल्या भावाच्या सुनेने आम्हाला सगळे फिरून दाखवले. ‘काका, काकू, इकडून या’ म्हणत एकेक गोष्ट समजावली. वाईनचे द्राक्ष वेगळे. आपण बाजारात बघतो ते लांबट, बिनबियांचे, पातळ सालीचे. हे बारीक, जाड सालीचे, बिया असलेले. खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगावा म्हणून औषधात घड बुडवतात. इथे मणी बारीक राहिलेलाच बरा, कारण रंग आणि चव सालीत असते. पीकही कमी धरतात, म्हणजे गोडी भरते. छाटण्या मात्र दोन्हीला दोनच, एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावरची फळछाटणी. जानेवारी ते मार्च काढणी. पहाटे गारव्यात तोडायचे आणि ऊन चढायच्या आत टाकीपाशी आणायचे.

पुढे काम यीस्टचे. रसातली साखर ते खाते, तिचा अल्कोहोल होतो आणि वायू निघून जातो. पांढरी करायची तर नुसता रस घेतात, लाल करायची तर रस सालीसकट आंबवतात. पांढरीची टाकी बाहेरून थंड ठेवावी लागते. फेब्रुवारीच्या उन्हातही आतला रस पंधरा-सोळा अंशांवर धरायचा, म्हणजे वीज गेली की काळजाचा ठोका चुकला. शेवटी तयार मालात बारा-तेरा टक्के अल्कोहोल.

पण आमचे डोळे लागले होते दुसऱ्याच गोष्टीवर. तेवढ्यात एका शेतकऱ्याची पिकअप आली. धाकट्या भावाने घडातला मणी चिरडून काचेच्या नळीसारख्या यंत्रावर थेंब टाकला आणि गोडी मोजली. शेतकऱ्याने लगेच आपल्या खिशातून तसलेच यंत्र काढले, स्वतः मोजून बघितले. दोघांचा आकडा जुळला. वजन झाले, पावती झाली. कुणी कुणाला शिवी दिली नाही.

आठवा आपला मोंढा. कापसात ओलावा आठ टक्के की बारा, हे कोणाचे यंत्र ठरवते? आपण गाडी घेऊन पहाटेपासून रांगेत, आणि केंद्रावरचा माणूस यंत्र खुपसून बारा म्हणाला की बारा. आपल्यापैकी किती जणांच्या घरी ओलावा मोजायचे यंत्र आहे? हात वर करा. बघा, एवढ्या मोठ्या सभेत तीन हात. जिनिंग राहू द्या. पहिले यंत्र हे घेतले पाहिजे.

दुसरे फाटक

दुपारी पिंपळगाव, निफाड करत विंचूरला गेलो. वाईन पार्कात काही कारखाने चालू आहेत, काही गाळ्यांना कुलूप आहे. एका बंद फाटकाशी वॉचमन बसला होता. बोलण्याची धाटणी ओळखीची वाटली म्हणून विचारले, तर निघाला आपल्या परभणीकडचाच. कोरडवाहू चार एकर भावाला वाट्याने देऊन इथे राखणीला आला होता. कुठल्या कारखान्याची राखण करतोस विचारले, तर म्हणाला, ‘मामा, कारखाना कशाचा! टाक्या बँकेनं नेल्या. आता भिंती राखतो.’

असे का झाले, ते व्याह्यांनी गाडीत सांगितले. त्यांनी स्वतः भोगले आहे. २००१ च्या धोरणानंतर वायनऱ्या वाढल्या, वाईनची द्राक्षे कमी पडू लागली. कंपन्यांची माणसे बांधावर येऊन करार करायची. भाव ठरलेला, रोपे त्यांची, सल्ला त्यांचा. व्याह्यांनी २००४ साली दोन एकर लावली. तीन-चार वर्षे पैसा चांगला झाला. मग २००८ साली जगभर मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वाईन टाक्यांत साचली. जुनी वाईन विकली गेली नाही तर नव्या द्राक्षाला टाकी कुठून रिकामी मिळणार? २००९ साली कंपनीचा निरोप आला, यंदा माल नको.

खाण्याचे द्राक्ष असते तर नाशिकच्या बाजारात गेले असते, गेलाबाजार बेदाणा झाला असता. वाईनचे बारीक, बियांचे द्राक्ष कोण खाणार? एकच गिऱ्हाईक, आणि त्याने पाठ फिरवली. करारपत्र दाखवायला गेले, तर त्यात बारीक अक्षरात लिहिलेले निघाले, की मालाचा दर्जा कंपनी ठरवील. व्याह्यांनी त्या उन्हाळ्यात दोन्ही एकर बाग मुळासकट काढली आणि टोमॅटो लावले. त्या एकदोन वर्षांत अशा कितीतरी बागा कुऱ्हाडीखाली गेल्या. कारखाने काढणाऱ्यांतलेही पुष्कळ बुडाले.

यातून दोन धडे घ्या. पहिला धडा, ज्या मालाला एकच गिऱ्हाईक आहे त्या मालाचा मालक शेतकरी नसतो, ते गिऱ्हाईक असते. उद्या कोणी बांधावर येऊन म्हणाला, अमुक जातीचा कापूस लावा, तमुक रंगाची ज्वारी लावा, सगळी आम्हीच घेऊ, तर पहिला प्रश्न विचारा, तुम्ही नाही घेतली तर मोंढ्यात दुसरा कोण घेईल?

दुसरा धडा आपल्या ठरावाशी थेट जोडलेला आहे. आम्ही व्याह्यांना विचारले, बंद पडलेल्यांत आणि तगलेल्यांत फरक काय होता? तगलेले काय जास्त शहाणे होते? ते म्हणाले, ‘शहाणपण सारखेच होते. बुडालेल्यांनी कर्जाचा सगळा पैसा शेडमध्ये आणि टाक्यांमध्ये घातला, आणि माल धरून ठेवायला हातात काही ठेवले नाही.’ हे वाक्य आम्ही गाठीला बांधून आणले आहे. वाईन मार्चमध्ये केली तरी विकायला सहा महिने, वर्ष, दोन वर्षे लागतात. शेतकऱ्याला द्राक्षाचे पैसे लगेच द्यायचे, मजूर, वीज, व्याज चालू, आणि आवक शून्य. कारखाना यंत्राने उभा राहतो आणि खेळत्या भांडवलावर चालतो. बँक यंत्राला कर्ज हसत देते, कारण यंत्र जप्त करता येते. खेळत्या भांडवलाला हात आखडते.

बाटलीचा हिशेब आणि गाठीचा हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, भाव रोज बदलतात. पण रीत समजून घ्या.

एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागते. किलोला साठ रुपये धरले तर द्राक्षाचे झाले पंचाहत्तर. बाटली दुकानात सातशेला विकली असे धरा. मधले सव्वासहाशे कुठे गेले? काच, बूच, लेबल, वीज, मजुरी, कर, वर्षभराचे व्याज, घाऊकवाला, दुकानदार, जाहिरात. या सगळ्यांनी आपापले घेऊन कारखान्याला काही उरते. म्हणजे द्राक्षाच्या नऊपटीहून जास्त किमतीला माल जातो. एवढे मोठे अंतर आहे म्हणून लहान कारखानदार चूकभूल होऊनही जगू शकतो.

आता एक क्विंटल कापूस. जिनिंगमधून चौतीस किलो रुई निघते, चौसष्ट किलो सरकी, दोन किलो घट. कापूस सात हजाराने घेतला असे धरा. रुईची खंडी ३५६ किलोची. खंडीला पंचावन्न हजार धरले तर चौतीस किलोचे होतात सुमारे ५,२५०. सरकी चौतीस रुपये किलोने सुमारे २,१७५. बेरीज ७,४२५. वरचे उरले ४२५. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक, हमाली, बाजार फी, व्याज वजा करा. क्विंटलमागे शंभर-सव्वाशे उरले तर देवाची कृपा. आणि रुईचा भाव चार टक्के पडला की तेही गेले.

म्हणजे पक्का माल विकणारा तरला, ही म्हण द्राक्षाला जेवढी खरी तेवढी कापसाला नाही. बाटलीवर नऊपटीहून जास्त, गाठीवर जेमतेम सहा टक्के. आपल्या तरुण पोरांना आमचे हेच सांगणे आहे. प्रक्रिया करा, जरूर करा. पण प्रक्रियेत पैसा कोणत्या पायरीवर आहे तो आधी शोधा. जिनिंगच्या पायरीवर तो पातळ आहे, तिथे हजारो क्विंटल फिरवणाराच टिकतो. आपल्या तीनशे सभासदांच्या कंपनीने कर्ज काढून ते यंत्र घेतले, तर वर्षातून तीन-चार महिने ते चालणार आणि हप्ता बारा महिने चालणार.

दारूचे काय?

मायबहिणींच्या मनातला प्रश्न आम्हाला दिसतो आहे. ज्यांनी गावात आडवी बाटली निवडून आणली, त्यांनी वायनरीत जावे कसे? आम्हा दोघांतली बाई १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली होती. तेच चांदवड, त्याच नाशिक जिल्ह्यात. पुढे गावातले देशी दारूचे दुकान बंद करायला तीच पुढे होती. ती आजही म्हणते, बारा-तेरा टक्के अल्कोहोल असेल तर ती दारूच. २०२२ च्या जानेवारीत सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचे ठरवले, तेव्हा काही पुढारी सांगत होते, वाईन म्हणजे दारू नव्हे, हा शेतकऱ्याच्या भल्याचा निर्णय आहे. खूप विरोध झाला आणि तो निर्णय अडकून पडला. आम्हाला त्या वेळी राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. शेतकऱ्याच्या भल्याची आठवण सरकारला बाटलीपाशीच का होते? निर्यातबंदी लावताना का होत नाही?

आपल्या ज्वारीचेही असेच झाले होते. २००७ साली राज्याने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सवलती देण्याचे धोरण आणले. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी घेतील, शेतकऱ्याला भाव मिळेल, असे सांगितले गेले. कारखाने कोणाला मिळाले? सत्तेच्या जवळच्या मंडळींना. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी विरोध केला आणि पुढे ते थांबले. ते चालू राहिले असते तरी आपल्या वाट्याला काय होते? काळ्या ज्वारीचा काळा भाव. कोट्यवधींचा कारखाना कोरडवाहू शेतकरी काढू शकत नाही. दिंडोरीच्या दोन भावांनी आठ टाक्यांचा काढला. मोठ्याच कारखान्याला परवाना मिळणार असेल तर शेतकरी कच्चा माल देणाराच राहतो, मग माल द्राक्ष असो की ज्वारी.

तिथे आम्ही चव घेतली का? घेतली एकाने. एक घोट, आंबटतुरट लागला. दुसरीने पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. त्या सुनेला वाईट वाटले नाही. ती म्हणाली, ‘काकू, मीसुद्धा पीत नाही. विकते.’

तिसरे फाटक आणि आपला हुरडा

संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूच्या तिसऱ्या वायनरीत गेलो. तिथे मालकाने तीन खोल्या बांधल्या आहेत, जेवण देतो. शनिवार-रविवार शहरातली जोडपी येतात. त्याने सांगितले, दुकानात गेलेल्या बाटलीपेक्षा फाटकावर विकलेल्या बाटलीत जास्त उरते, आणि निम्मी आवक जेवणाची आणि खोल्यांची आहे. आमच्यासमोर मुंबईच्या एका जोडप्याने सहा बाटल्या घेतल्या. घेण्याआधी मालकाने त्यांना बागेत नेऊन वेल दाखवला, छाटणी कशी करतात ते सांगितले. त्यांनी भावात घासाघीस केली नाही. मोंढ्यात आपला माल बिनचेहऱ्याचा असतो, म्हणून घासाघीस होते. ज्याने वेल बघितला, मालकाशी बोलला, तो पैसे मोजताना वेगळा माणूस असतो.

आपल्याकडे असे काय आहे? भावांनो, आपल्याकडे हुरडा आहे. रब्बी ज्वारीचा हुरडा, गूळभेंडी किंवा फुले मधुरचा, गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेला, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. डिसेंबर-जानेवारीत शहरातली माणसे यासाठी माणशी पैसे मोजून शेतात येतात. त्याला ना टाकी लागते, ना वीज, ना दारूचा परवाना. मोंढ्यात पोते विकताना शेतकऱ्याला हमीभावही मिळत नाही. २०२५-२६ ला संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ होता, त्याखाली विकणारे या सभेत बसले आहेत. त्याच ज्वारीचे कणीस दुधात असताना आगटीपाशी बसून कुणी खाल्ले तर त्याची किंमत किती होते ते आम्ही सांगायला नको. २०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण काढले आहे. शेतकऱ्याला नोंदणी करता येते. सगळ्या गावाला हे जमणार नाही. रस्त्याला लागून असलेल्या, शहरापासून तास-दीड तासावरच्या दहा शेतकऱ्यांना जमेल. पण ज्यांना जमेल त्यांनी लाजू नये. आपल्याच घरची चव आहे.

ठरावाला आमची दुरुस्ती

आता मूळ ठरावाकडे येतो. ‘कर्ज काढून जिनिंग टाकावे’ या ठरावाला आम्ही चार कलमांची दुरुस्ती मांडतो.

पहिले, कंपनीने या हंगामात जिनिंग बांधू नये. चालू जिनिंग भाड्याने घ्यावे, म्हणजे क्विंटलमागे मजुरी द्यावी आणि रुई-सरकी आपली ठेवावी. सुरुवात दोनशे क्विंटलने करावी. आपण कापूस विकणे बंद करून रुई आणि सरकी विकून बघू. सरकीची ढेप आपल्याच जनावरांना लागते, ती तरी बाहेरून विकत आणायची वेळ येऊ नये.

दुसरे, बँकेकडे कर्ज मागायचे ते यंत्रासाठी मागू नये. गोदामातल्या मालावर, माल धरून ठेवायला आणि सभासदाला त्याच आठवड्यात चुकारा द्यायला मागावे. व्यापारी रोख देतो आणि आपली कंपनी महिन्याने देते, असे झाले तर आपलाच सभासद व्यापाऱ्याकडे जाईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. घरात लग्न काढलेल्या माणसाला वाट बघता येत नाही.

तिसरे, प्रत्येक गावात ओलावा मोजायचे एक यंत्र घ्यावे आणि ते बायकांच्या गटाकडे ठेवावे. वेचणी बाया करतात. पहिली वेचणी, दुसरी वेचणी, कवडी वेगळी ठेवणे त्यांच्या हातात आहे. गाडी भरण्याआधी आकडा घरी कळला पाहिजे. आणि कंपनीचे भाग-भांडवल नवराबायको दोघांच्या नावावर असावे. १९८९ नंतर लक्ष्मीमुक्तीत कित्येक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. भागाचा एक कागद करायला हात थरथरू नये.

चौथे, दोन हंगाम हा हिशेब पै-पैसह या वार्ताफलकावर मांडावा. क्विंटलमागे खरोखर किती उरले ते सगळ्यांना दिसू द्या. उरले, आणि माल वाढला, तर जिनिंगचा ठराव आम्ही दोघे स्वतः मांडू. नाही उरले, तर निदान गावात आणखी एक गंजणारा सांगाडा उभा राहणार नाही.

तरुणांना वाटेल, म्हातारी माणसे पाय ओढतात. तसे नाही. दिंडोरीचे दोन भाऊ आठ टाक्यांवर उभे आहेत, कारण त्यांनी पहिली तीन वर्षे दोनच टाक्यांवर काढली. आपणही आपल्या दोन टाक्यांपासून सुरू करू. दुरुस्ती मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. नसेल त्यांनी उठून बोलावे. आम्ही ऐकायला बसतो आहोत.